इंगवल्यांच्या कुलरमधली मिरची

१

मे महिन्यातल्या एका मंगळवारी, दुपारी अडीचच्या सुमारास, कसबा बावड्यातल्या यशोधन अपार्टमेंटच्या दुसऱ्या मजल्यावरून सात माणसं शिंकत, खोकत, डोळे चोळत जिन्यानं खाली धावली. त्यातली चार कुरुंदवाडहून मुलगी बघायला आलेली पाहुणेमंडळी होती. त्यांनी चहाला हात लावला नाही की पोह्यांना. म्हातारे पाहुणे उपरण्यानं नाक पुसत गाडीत बसले, काच वर झाली आणि गाडी गेलीसुद्धा.

पहिल्या मजल्यावर पिराजी खोत दार सताड उघडं टाकून, बनियनवर, फरशीला पाठ लावून पडले होते. एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर एकतीस वर्षं कारकुनी करून ते निवृत्त झाले होते. उसाच्या मोळ्यांवर पाणी मारून आणलेली ट्रॉली लांबून ओळखणारा माणूस, पण शेजाऱ्यांपुढे त्यांनी हात टेकले होते. आधी त्यांना वाटलं, वर गॅस गळला. मग अमरसिंह इंगवले लालबुंद डोळ्यांनी खाली येताना दिसला आणि पिराजींनी मनात म्हटलं, झालं, आजचीही झोप गेली.

"कुलरात मिरची घातलीया कुणीतरी!" अमरसिंह ओरडला. तो इमारतीचा चेअरमन. आवाज असा, की शेजारच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा उठून बसली.

या कुलरविषयी सांगायलाच हवं, कारण इमारतीतल्या निम्म्या भांडणांचं मूळ तोच होता. स्वतःच्या घरात जागा असताना अमरसिंहनं तो पुरुषभर उंचीचा डबा दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात, हॉलच्या खिडकीला लावून उभा केला होता. वायर जिन्याच्या सामायिक बोर्डात खुपसलेली. जाणाऱ्या-येणाऱ्यानं अंग चोरून जायचं. आवाज पिठाच्या गिरणीचा. आणि चालू झाला की दहा मिनिटांत तो गळायला लागे; ते पाणी पायऱ्यांवरून ओघळत थेट पिराजींच्या दारातल्या पायपुसण्यात येऊन मुरे. सांगून सांगून पिराजींचं तोंड दुखलं. "उन्हाळाय आण्णा, जरा ॲडजस्ट करा की," हे अमरसिंहचं ठरलेलं उत्तर.

आजही सकाळी दहापासून बारापर्यंत तो घरघरत होता. पिराजी दारात खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते. वर जाणारं-येणारं कुणी फिरकलं नाही. मध्येच त्यांना लागोपाठ तीन शिंका आल्या, तेव्हा वरच्या सयाजीच्या घरातल्या फोडणीला त्यांनी मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या. बाकी सकाळ बरी गेली होती. निदान पाय तरी ओले झाले नव्हते.

अमरसिंह पहिल्या मजल्यावर न थांबता तळमजल्यावर गेला आणि पार्किंगला लागून असलेल्या एका खोलीच्या दारावर त्यानं थाप मारली. "मीनाबाई! भाईर ये!"

मीनाबाई कांबळे इमारतीचा जिना झाडत, पाण्याची मोटर लावत, कचरा उचलत. बदल्यात ती खोली त्यांना राहायला होती. त्या बाहेर आल्या. मागं त्यांची लेक तेजस्वी पुस्तकात बोट घालून उभी.

"तूच घातलीस मिरची. शनिवारी सगळ्यांच्या म्होरं म्हणालतीस का न्हाई?"

म्हणाल्या होत्या, यात खोटं काही नव्हतं. कुलरचं पाणी दिवसातून तीनदा पुसून कंबर धरली, तेव्हा वैतागून बोलून गेल्या होत्या, "एक दिवस ह्या कुलरातच मिरची वततो बघा!" सगळे हसलेही होते.

"आणि साडेबाराला तू कुलरापाशी हुतीस. सयाजीनं बघितलंय," अमरसिंह म्हणाला. "चोरटी कुठली! साडेपाचला मीटिंग लावतो. सहाच्या आत खोली रिकामी पायजे."

तो गेला. आरडाओरडा ऐकून बनियनवरच खाली उतरून आलेल्या पिराजींकडे मीनाबाई वळल्या. "आण्णा, म्हणलेलं खरं हाय. पण घातली न्हाई मी. सोमवारपासनं पोरीची शेवटच्या वर्षाची परीक्षा हाय. हिला घिऊन आता कुठं जाऊ?"

पिराजींनी घड्याळात बघितलं. पावणेतीन वाजले होते. मीटिंगला जेमतेम पावणेतीन तास उरले होते आणि अंगावर शर्टसुद्धा नव्हता.

२

शर्ट चढवून पिराजी वर गेले. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत शर्ट पाठीला चिकटला. अमरसिंहची बायको संयोगिता दारातच, ओला टॉवेल डोळ्यांवर धरून बसली होती.

"वहिनी, जरा बघू का कुलर?"

"बघा की. न्हाईतर आता त्यो भंगारातच जाणार हाय."

कुलर बंद होता. पिराजींनी बाजूची जाळी काढली. आतलं गवत भिजलेलं होतं आणि त्याला असा झोंबरा वास येत होता की त्यांनी तोंड फिरवलं. मग रुमाल नाकाला बांधून त्यांनी खालच्या टबात डोकावलं. पाण्यावर मिरचीच्या बिया तरंगत होत्या. पिवळ्या, चपट्या, अख्ख्या बिया, मूठभर तरी असतील. दोन-चार सालींचे तुकडे. त्यांनी पाण्यात बोट बुडवून ते उन्हाकडे धरलं. तवंग नव्हता. पाणी लालही नव्हतं, नुसतं गढूळ.

"पाणी कुणी भरलं?"

"मीच. दीडला पार्लरमधनं आलो आणि पायपानं भरलं. आत कोण बघतंय? पावणं आलं, ह्यांनी कुलर फुल्लवर सोडला आणि..." संयोगितानं परत टॉवेल डोळ्यांना लावला.

"मग सकाळी कुणासाठी चालू हुता?"

"सकाळी? सकाळी कुठला?"

"दहा ते बारा. माझं कान किटले की."

संयोगितानं टॉवेल खाली घेतला. "आण्णा, साडेनऊला मी नि पोरगी भाईर पडलो. हे मिठाई आणायला, तिथनं पावण्यास्नी वाट दावायला. घरात फकस्त आत्याबाई. त्यांना कुलर सोसत न्हाई, सांधे धरत्यात. त्या तर आतल्या खोलीत पंखा पण लावत न्हाईत."

आत्याबाई म्हणजे तिची सासू, तानाबाई. पिराजींनी आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं. दार लोटलेलं होतं.

"झोपल्यात. लई खोकल्या बिचाऱ्या," संयोगिता म्हणाली.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून प्रियदर्शनी बाहेर आली. जिच्यासाठी पाहुणे आले होते तीच ही. साडी तशीच, काजळ गालावर उतरलेलं, आणि चेहऱ्यावर एवढा आनंद, की पिराजींना संशय यावा.

"काय गं, खूश दिसालीस?"

"व्हय. खोटं कशाला बोलू? मुलाचं नाकच बघितलंसा न्हवं? मी उद्या स्वतः नको म्हणणार होतो. आता सांगायची पण गरज उरली न्हाई."

आईनं डोळे वटारले. पिराजींनी मात्र विचारून घेतलं, "मिरची तू घातलीस?"

"आण्णा, पोह्याचा ट्रे घिऊन मी कुलरच्या बरोब्बर समोर उभी होतो. सगळ्यात आधी माझ्या तोंडावर आली ती! घातली असती, तर मी तिथं उभी राहिलो असतो काय?"

तिचे डोळे सगळ्यांहून जास्त सुजले होते. पोरगी खरं बोलत होती. म्हणजे घरातली माणसं घरात नव्हती, कुणाला कुलर नको होता, आणि तरी तो दोन तास चालू होता. सामायिक बोर्डातलं बटण तर कुणीही दाबावं. पिराजी वळले, तर समोरच्या दाराच्या फटीतून सयाजी त्यांच्याकडेच टक लावून बघत होता.

३

"या की आण्णा. लावा माझा पण नंबर," सयाजी म्हणाला.

सयाजी हा इमारतीतला दुसरा ताप. पाणी दिवसाआड येत असताना हा रोज सकाळी पाइप लावून गाडी धुणार, आणि कुणी बोललं तर पाइपचं तोंड त्याच्याकडे वळवणार. कुलर त्याच्या दारात अर्धा आलेला, त्यामुळे दुचाकीचं हेल्मेट हातात धरून त्याला आडवं होऊन घरात शिरावं लागे.

"कुलर जळला असता तरी मी पेढं वाटलं असतं," त्यानं सरळ सांगून टाकलं. "पण कुलरात घालायला माझी मिरची फुकट आलीया का? एवढी महाग आणलीया, ती कुजालीया हितं."

त्यानं पलंगाखालून पोतं ओढलं. हेही सांगायला हवं. उन्हाळ्यात कोल्हापुरात घरटी वर्षाची चटणी होते. मिरची आणायची, चार दिवस कडकडीत उन्हात वाळवायची, देठं खुडायची, कांदा-लसूण, खोबरं, तीळ तेलात परतून सगळं डंकावर कुटून आणायचं. यशोधनमध्ये ही वाळवणं गच्चीवर पडायची. पण दहा दिवसांपूर्वी गच्चीवरच्या जागेवरून सयाजीची बायको आणि संयोगिता यांच्यात अशी जुंपली की एकीचे पापड दुसरीच्या मिरचीत गेले. अमरसिंहनं त्याच संध्याकाळी ठराव केला, गच्ची बंद. कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. नेमकी त्याच दिवशी त्याच्या आईची दहा किलोची मिरची आली होती. पिराजींनीच ती पिशवी माणुसकीनं वर नेऊन दिली होती. आईनं किल्ली मागितली, तर चेअरमन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ठराव म्हंजे ठराव, आई. तुला वेगळा न्याय न्हाई." त्या दिवशी त्याला स्वतःचा फार अभिमान वाटला असणार.

पिराजींनी सयाजीच्या पोत्यातून एक मिरची उचलली. दोन्ही टोकं धरून वाकवली. ती वाकली, चामड्याच्या वादीसारखी गोल झाली, पण तुटली नाही. दुसरी फोडून बघितली, तर बिया आतल्या आत चिकटून बसलेल्या.

"खोलीत पसरून बघितली, पंख्याखाली ठेवली. कायबी उपेग न्हाई," सयाजी करवादला. "ऊन लागल्याबिगर मिरची वाळतीया व्हय?"

"मीनाबाईला कुलरापाशी काय करताना बघितलंस?"

"कचऱ्याची बादली उचलत हुती."

"आणि?"

"आणि काय? उचलली, गेली. चेरमननं इचारलं, कोण हुतं? मी म्हणलो, मीनाबाई हुती. बाकीचं त्येनं लावलं."

पिराजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका बाईचं घर जायची वेळ आली, आणि या बाबाला उरलेलं वाक्य बोलायचा कंटाळा! "मग हे त्याला सांगितलं का न्हाईस?"

"मला कोण इचारलं?" सयाजीनं पोतं पायानं आत ढकललं आणि दार लावून घेतलं.

४

मीनाबाईंच्या खोलीत सामान बांधायला सुरुवात झाली होती. शेल्फवर छोटी बुद्धमूर्ती तेवढी जागेवर होती. तेजस्वी खाटेवर बसून वाचत होती, किंवा वाचल्यासारखं करत होती, कारण पान उलटत नव्हतं. पत्र्याचं छत तापून आत भट्टी झाली होती.

"तुमच्याकडं मिरची हाय?" पिराजींनी विचारलं.

"मिरची न्हाई. चटणी हाय. गच्चीला कुलूप लागायच्या आधीच डंकावरनं आणलीया." मीनाबाईंनी बरणी पुढे केली. पिराजींनी चिमूटभर चटणी पाणी भरलेल्या पेल्यात टाकली. पाणी क्षणात लाल झालं, वर तेलाचा तवंग पसरला, आणि लसणाचा वास खोलीभर झाला. त्यात एकही अख्खी बी नव्हती.

पिराजी पेला उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिले.

"कचरा उचलायला गेलता तवा कुलर चालू हुता?"

"बंद हुता. आणि आण्णा, एक सांगू का? आज तिथं पुसायचं कामच पडलं न्हाई. रोज तळं असतंय. आज सगळं कोरडं खडखडीत. मी म्हणलो, बरं झालं बाई, चेरमननं दुरुस्त केला."

पिराजींनी पेला खाली ठेवला आणि जिना चढून आपल्या दारात आले. पायपुसणं उचललं. दुपारच्या फुल्ल कुलरचं पाणी त्यात मुरलेलं होतं, चांगलं ओलं होतं. पण सकाळी? सकाळी दोन तास कुलर डोक्यावर घरघरत असताना ते या पायपुसण्यावर पाय ठेवून बसले होते, आणि पाय कोरडे होते. एकतीस वर्षं ओलं-कोरडं ओळखण्यात घालवलेल्या माणसाला, नाकासमोरचं कोरडं दिसलं नव्हतं! स्वतःच्याच डोक्यावर पेपर मारून घ्यावासा त्यांना वाटला.

कुलर गळला नाही, म्हणजे त्यात पाणी नव्हतं. मग मे महिन्यात बिनपाण्याचा कुलर दोन तास कोण लावतं, आणि कशासाठी?

साडेचार वाजले होते. पिराजी पुन्हा वर गेले, पण या वेळी त्यांनी कुलरकडे बघितलंही नाही. संयोगिताला म्हणाले, "वहिनी, काकींना भेटतो."

५

तानाबाई जाग्या होत्या. ऐंशीच्या घरातल्या, वाळक्या अंगाच्या, भिंतीला टेकून बसलेल्या. पदर तोंडावर घेतला होता.

"ये, पिराजी. बस."

पिराजी खाली बसले. कोपऱ्यात ती मिरचीची पिशवी होती, तोंड सुतळीनं बांधलेलं. त्यांनी हात लांबवून ती उचलली, नुसती वीतभर, आणि परत ठेवली. ठेवताना आतून खळखळ वाजलं.

"काकी, म्या वर आणली तवा दहा किलो हुती. आता आठाच्या वर न्हाई."

तानाबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"देठं खुडली काय?"

"न्हाई अजून."

सुतळी सोडून पिराजींनी एक मिरची काढली. देठ जागेवर होतं. वाकवायला गेले तर कट्कन मोडली आणि बिया फरशीवर सांडल्या. दोघंही त्या बियांकडे बघत बसले. बाहेर हॉलमध्ये अमरसिंह फोनवर कुणाला तरी सांगत होता की आज त्या बाईला हाकललीच पाहिजे, नाहीतर इमारतीत शिस्त राहणार नाही.

"माझी सोळा वर्षं झाली ह्या खोलीत," तानाबाई हळूच म्हणाल्या. "म्हातारा गेला तवापासनं. मी कधी काय मागितलं न्हाई ह्या पोराला. एक किल्ली मागितली."

"मीनाबाईचं सामान बांधालंय, काकी."

"ठावं हाय. खिडकीतनं दिसालंय." त्यांनी पदर आणखी ओढला. "पोरीचं लगीन मोडलं म्हणंल त्यो मला. जित्ती ठिवणार न्हाई."

पिराजींना त्यांची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदम. ऐंशी वर्षांच्या बाईनं पोराला एवढं भ्यावं, आणि त्या भीतीपायी दुसरीनं पोरीसकट रस्त्यावर यावं! "मी तुमचं नाव घेणार न्हाई," ते उठत म्हणाले. "पण माझ्या तोंडात कुलूप न्हाई. जे बघितलं ते सगळं सांगणार. सहाच्या आत खाली या. न्हाई आलासा, तर उद्यापासनं मला पिराजी म्हणून हाक मारू नगासा."

त्या येतील की नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून सांगता येत नव्हतं.

६

साडेपाचला पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. ऊन अजून उतरलं नव्हतं. जमिनीतून वाफा येत होत्या आणि सगळ्यांचा पारा चढलेला होता. मीनाबाई गाठोड्यापाशी उभ्या, शेजारी तेजस्वी. अमरसिंहनं ठरावाची वही उघडली आणि लिहायला सुरुवात केली, "मीनाबाई कांबळे यांनी..."

"थांब," पिराजी म्हणाले. "नाव कशाला? उद्या म्हणतील, माणूस बघून ठराव केला. सरळ लिही. कुलरमध्ये मिरची घालणाऱ्यानं आज सहा वाजता घर सोडावं. मग त्यो कोणबी असू दे."

"कोणबी असू दे!" अमरसिंहला ते फार आवडलं. असलं वाक्य त्याला स्वतःला सुचायला हवं होतं. त्यानं लिहिलं, खाली झोकदार सही केली. सयाजीनं केली, बाकीच्यांनी केली. पिराजींनी सगळ्यात शेवटी केली.

"आता ऐका," ते म्हणाले. "कुलरमध्ये चटणी न्हवती. पाण्याला रंग न्हाई, तेल न्हाई, लसणाचा वास न्हाई. मीनाबाईच्या घरात नुसती डंकावरची चटणी हाय. तिनं घातली असती, तर पाणी लाल झालं असतं. टबात निघाल्या अख्ख्या बिया. अख्खी बी अख्ख्या मिरचीतनं पडती."

सगळ्यांच्या माना सयाजीकडे वळल्या.

"माझ्याकडं काय बघालाय?" सयाजी उसळला.

"त्येची मिरची मी वाकवून बघितली," पिराजी म्हणाले. "ओली हाय. ओल्या मिरचीची बी सुटत न्हाई. बी सांडायला मिरची कडकडीत वाळलेली पायजे. आणि दहा दिवस गच्चीला कुलूप हाय. मग ह्या इमारतीत मिरची वाळली कुठं?"

अमरसिंहनं पेन वहीवर ठेवलं.

"सकाळी दहा ते बारा कुलर चालू हुता. मी खाली दारात बसलो हुतो. कुणी वर गेलं न्हाई, कुणी खाली आलं न्हाई. आणि माझ्या दारात पाण्याचा एक थेंब आला न्हाई. मीनाबाईनं पण साडेबाराला वर कोरडंच बघितलं. म्हंजे टबात पाणीच न्हवतं. गवताच्या जाळ्या काढून त्या जागी कुणीतरी मिरची भरली हुती, खिडकी लावून घेतली हुती आणि पंखा बारीक सोडला हुता. भाईरची गरम हवा मिरचीतनं ओढून घ्यायची. गच्ची न्हाई तर न्हाई, जिन्यातच ऊन आणलं! मला शिंका आल्या त्या त्याच्याच. बाराला मिरची काढून गवत परत बसवलं. पण बारीक धूळ नि बिया खाली टबात ऱ्हायल्या. दीडला वरनं पाणी पडलं, धूळ भिजली. पंपानं ते पाणी गवतावर चढवलं, आणि पंखा फुल्लवर गेल्यावर सगळा झटका पावण्यांच्या तोंडावर. कुणी दावा साधला न्हाई, अमर. कुणी कुणाचं वाईट चिंतलं न्हाई. कुणालातरी वर्षाची चटणी करायची हुती एवढंच."

अमरसिंह मूर्ख नव्हता. दुसऱ्या मजल्यावर घरं दोनच, आणि त्याच्या वर थेट गच्ची. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. "म्हंजे... कोण म्हणायचं हाय तुमास्नी?"

"मी नाव घेणार न्हाई."

"नाव न्हाई तर मग पुरावा न्हाई!" अमरसिंह एकदम उभा राहिला. त्याच्या आवाजात सुटका होती आणि ती सगळ्यांना ऐकू आली. "ठरल्याप्रमाणं हुईल. सहा वाजत आल्यात. मीनाबाई, उचल सामान."

पिराजींनी जिन्याकडे बघितलं. कुणी नव्हतं. मीनाबाईंनी वाकून गाठोडं उचललं, तेजस्वीनं पुस्तकांची पिशवी खांद्याला लावली. शब्द दिला होता, आणि आता तो मोडावा लागणार होता. ते तोंड उघडणार, एवढ्यात वरच्या वळणावर काठी वाजली.

तानाबाई एक-एक पायरी उतरत आल्या. हातात कपड्यांची पिशवी होती. पार्किंगमध्ये येऊन त्यांनी दम घेतला.

"अमर, मी निघालो."

"कुठं, आई?"

"ठरावात काय लिवलंय? मिरची म्या भरलती. तुझ्या बानं घेतलेल्या पाट्यावर पन्नास वर्सं चटणी केली. औंदा तू किल्ली दिली न्हाईस, म्हणून धा दिस खिडकीतल्या उन्हाला धरली आणि ऱ्हायलेली ओल कुलरात काढली. पावणं गेलं तसं भ्यालो आणि त्वांड मिटून बसलो. ते माझं चुकलं. आता सही तुजी हाय. तुला वेगळा न्याय न्हाई, म्हणतोस न्हवं? मग मला पण न्हाई."

"आई, वर चल. लोकं बघालीत."

"बघू दे की!" म्हातारी पहिल्यांदाच कडाडली.

मीनाबाईंनी गाठोडं खाली ठेवलं. त्या पुढे झाल्या, तानाबाईंच्या हातातली पिशवी घेतली आणि त्यांच्या कोपराला आधार दिला. "या काकी. भाईर ऊन हाय. आत बसा."

तानाबाई त्या तापलेल्या खोलीत जाऊन खाटेवर बसल्या. तेजस्वीनं तांब्यात पाणी दिलं, ते त्या घटाघटा प्यायल्या. अमरसिंह मागोमाग आला, पण उंबऱ्यात अडखळला. आत जावं तर कसं, बाहेर थांबावं तर सगळी इमारत पाठीशी.

"आई, चल बघू. झालं ते झालं."

"कुणाचं झालं? हिला चोरटी म्हणालास. आदी हिची माफी माग, मगच मी उठतो. न्हाईतर हितंच ऱ्हातो. ही ठिवून घेतली तर."

"काकी, तुमी कितीबी दिवस ऱ्हावा," मीनाबाई म्हणाल्या.

अमरसिंहनं मान खाली घातली. "मीनाबाई, चुकलं माझं," तो पुटपुटला.

मीनाबाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. त्यांच्या डोळ्यांत दिवसभराचा शीण होता, पण आवाज अजिबात कापला नाही.

"सायेब, दुपारी गल्लीला ऐकू गेलतं. तेवढ्याच आवाजात म्हणा."

कुणी हसलं नाही. सयाजीसुद्धा नाही. अमरसिंहनं एकदा आईकडे बघितलं, तिनं तोंड फिरवलं. मग तो पार्किंगकडे वळला, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडला, "मीनाबाईंनी काय केलेलं न्हाई! माझं चुकलं!" समोरच्या बंगल्यात कुणीतरी खिडकी उघडून बघितलं.

"बरं," मीनाबाई म्हणाल्या. त्या खाली बसल्या आणि गाठोडं सोडायला लागल्या. रागाच्या भरात बांधलेली गाठ, काही केल्या सुटेना. तानाबाई खाटेवरून खाली सरकल्या, गाठोड्याचं दुसरं टोक धरलं, आणि दोघी मिळून ती सोडवत बसल्या.